डीजे सेटसाठी भरवशाचा पेनड्राईव्ह कुठला? (हळदीत तोंडावर पडलेल्याचा प्रश्न)

करंजेकर_बीट्स | १८ जुलै, रात्री ११.१२
नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, सांभाळून घ्या. नोकरी करत करत लग्नसराईत डीजे वाजवतो, सातारा आणि आसपास, कोरेगाव-वडूजपर्यंत सुपाऱ्या असतात. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड एक्सडीजे-आरएक्स२ (पायोनियरचं डीजे मशीन) घेतला. लॅपटॉप लागत नाही, पेनड्राईव्ह लावला की काम सुरू.

तर मे महिन्यात कोरेगावच्या पुढं एका गावात हळद होती. नवरदेवाला खांद्यावर घेतलेलं, पोरं तापलेली, ड्रॉप (गाण्यात बेस जोरात पडतो ती जागा) यायला चार बीट राहिलेत आणि स्क्रीनवरनं सगळी लिस्ट गायब. आवाज बंद. शे-दीडशे माणसं हात वर करून उभी आणि मागनं नुसता जनरेटरचा आवाज. नवरदेवाचा मामा आला आणि म्हणतो, "काय ओ, डिझेल संपलं काय?" पेनड्राईव्ह काढून परत घातला, मिनिटभरानं चालू झालं, अर्ध्या तासानं परत तेच. शेवटी मोबाईल ऑक्सला लावून वेळ मारून नेली. ठरलेल्यातले दीड हजार कापले ते वेगळंच.

पेनड्राईव्ह ६४ जीबीचा, नखाएवढा, पोर्टमध्ये घातला की दिसतही नाही असला. गणपतीच्या आधी नवीन घ्यायचाय. बजेट हजार-बाराशे. कुठली कंपनी, किती जीबी, ३.० घेऊ का ३.२? दुकानदार म्हणतो सगळे सारखेच. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भडंग_आणि_बेस | १८ जुलै, रात्री ११.३०
मामाचा प्रश्न रास्त होता :))
भडंग घेऊन बसलोय, चालू द्या.

मोतीचौक | १८ जुलै, रात्री ११.४१
सॅनडिस्क एक्स्ट्रीम प्रो. विषय संपला.

निवांत_कराडकर | १९ जुलै, सकाळी ७.०५
विषय कसला संपतोय. माझ्याकडं ८ जीबीचा पेनड्राईव्ह आहे, एका औषध कंपनीनं डॉक्टर लोकांना फुकट वाटलेला, मेव्हण्याकडनं आला. टोपण हरवलंय, वर गोळीचं चित्र आहे. सहा सीझन झाले त्याच्यावर वाजवतोय, एकदा पण दगा नाही. महागाचं घेतलं म्हणजे टिकतंय असं काही नसतंय मित्रा, नशिबाचा खेळ आहे.

भडंग_आणि_बेस | १९ जुलै, सकाळी ७.२२
कसली गोळी?

निवांत_कराडकर | १९ जुलै, सकाळी ७.२५
ॲसिडिटीची.

भडंग_आणि_बेस | १९ जुलै, सकाळी ७.२६
मग बरोबर. त्याला पित्तच होत नाही.

चिपकाका | १९ जुलै, सकाळी १०.४०
विश्रामबागला माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, मेलेले पेनड्राईव्ह रोज बघतो त्यामुळं चार गोष्टी सांगतो. करंजेकर, तुमचा ६४ जीबीचा ६४ आहे का ते आधी बघा. बाजारात डुप्लिकेट इतका आलाय की बोलायची सोय नाही. आत ८ जीबीची चिप असते आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, कॉम्प्युटरला तो छातीठोक सांगतो मी ६४ आहे. तुम्ही गाणी भरता, कुठंही एरर येत नाही, नावं सगळी दिसतात. पण ८ च्या पुढं जे लिहिलं ते एकतर हवेत जातं नाहीतर आधीच्या गाण्यांच्या डोक्यावर बसतं. मग वाजवताना मधेच खरखर, मधेच गायब. दोन टीबीचा पेनड्राईव्ह चारशे रुपयात असली जाहिरात दिसली की समजायचं.

तपासायला एच२टेस्टडब्ल्यू म्हणून फुकटचं छोटं सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर चालतं. मॅक किंवा लिनक्स असेल तर एफ३. हे पूर्ण ड्राईव्ह काठोकाठ भरतं आणि परत वाचून ताडून बघतं. वेळ लागतो, रात्री लावून झोपायचं. नुसतं प्रॉपर्टीजमध्ये ६४ दिसतंय म्हणून समाधान मानू नका, तो आकडा ड्राईव्ह स्वतःच सांगत असतो, म्हणजे चोरालाच साक्षीदार केल्यासारखं.

आणि ६४ च्या जागी ५९.६ दिसलं, ३२ च्या जागी २९.८ दिसलं तर भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. आठवड्यातनं एक गिऱ्हाईक तरी त्याच्यावरनं हुज्जत घालायला येतं.

करंजेकर_बीट्स | १९ जुलै, दुपारी १.१५
काका धन्यवाद, आजच रात्री लावतो. बिल नाहीये माझ्याकडं, त्यामुळं धाकधूक आहे.

रेवा_सांगली | १९ जुलै, दुपारी ३.०२
मी पण वाजवते, लग्नं आणि कॉलेजचे कार्यक्रम, सांगली-मिरज-कोल्हापूर. कंपनीचं नाव विचारण्याआधी हे सांगा की फॉरमॅट, म्हणजे ड्राईव्हवर फायली मांडायची पद्धत, काय आहे? आरएक्स२ च्या काळातली पायोनियरची मशिनं फॅट३२ वर सुखात असतात. एनटीएफएस त्यातलं कुणीच घेत नाही. एक्सफॅट नवीन काही मॉडेल घेतात, जुनी घेत नाहीत. आपण दुसऱ्याच्या मशीनवर पण वाजवतो ना, तिथं काय ठेवलेलं असेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून फॅट३२ सगळीकडे चालतं ते ठेवायचं. ६४ चा पेनड्राईव्ह दुकानातनं बहुतेक एक्सफॅट होऊनच येतो. आणि विंडोजमध्ये राईट क्लिक करून फॉरमॅटला गेलात तर ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच दिसत नाही, त्यासाठी रूफस किंवा जीयूआयफॉरमॅट वापरायचं. मॅकवाल्यांनी डिस्क युटिलिटीत वरची स्कीम मास्टर बूट रेकॉर्डच निवडायची, जीयूआयडी ठेवलं तर मशीन ड्राईव्ह ओळखतच नाही आणि तुम्ही ड्राईव्हला शिव्या देत बसता.

आता ३.० का ३.२. वाजवायला त्याचा उपयोग जवळपास शून्य. ३२० केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला २.४ एमबी खाते. वेव्ह घेतली तरी मिनिटाला १० एमबी. एवढं तर निवांतदादांचा गोळीवाला पण देतो. जुन्या प्लेअरचं पोर्ट यूएसबी २ चंच असतं, तुम्ही कितीही वेगाचा घातला तरी ते आपल्याच चालीनं चालणार. फरक पडतो तो घरी, रेकॉर्डबॉक्समधनं (पायोनियरचं गाणी तयार करून ड्राईव्हवर भरायचं सॉफ्टवेअर) एक्स्पोर्ट करताना. प्रत्येक गाण्याबरोबर वेव्हफॉर्म, बीटग्रिड, क्यू असल्या बारक्या बारक्या फायली लिहिल्या जातात आणि स्वस्तातल्या ड्राईव्हचा लिहिण्याचा वेग तिथं गुडघे टेकतो. दोन हजार गाण्यांना रात्र जाते. मग माणूस कंटाळून अर्ध्यातच उपटतो, आणि डेटाबेस तिथंच फाटतो. पॅकेटवर मोठ्या अक्षरात लिहिलेला वेग वाचण्याचा असतो, लिहिण्याचा कुठंतरी बारीक किंवा छापलेलाच नसतो, तो शोधायचा.

माझ्याकडं सॅमसंग बार प्लस दोन आहेत, अख्खं अंग धातूचं, टोपण नाही, हरवायला काही नाही. दोन्हीत तंतोतंत सारखा माल. दुसरा कुठं असतो? बॅगेत नाही, माझ्या गळ्यात. बॅग एकदा गेली होती.

मोतीचौक | १९ जुलै, दुपारी ३.२०
एक्स्ट्रीम प्रो लिहायला पण वेगात आहे. म्हणजे माझं उत्तर बरोबरच होतं, फक्त मी चार शब्दात दिलं.

रेवा_सांगली | १९ जुलै, दुपारी ३.२४
हो, पण का ते तुम्ही पोटात ठेवलंत :)

कंट्रोलर_किंग | १९ जुलै, सायंकाळी ६.१०
पेनड्राईव्हवर कशाला जगायचं भावांनो, सरळ लॅपटॉप आणि कंट्रोलर घ्या की. एफएलएक्स४ आणि एक बरा लॅपटॉप, एसएसडीमधनं गाणी, बास. लाख गाणी हाताशी, फर्माईश आली की सर्च.

निवांत_कराडकर | १९ जुलै, सायंकाळी ६.३३
आणि मिरवणुकीत ट्रॉलीवर, जनरेटरवर, पावसात लॅपटॉप? गेल्या वर्षी आमच्या चौकात एकाचा लॅपटॉप ऐन आरतीच्या आधी अपडेट व्हायला लागला. निळ्या स्क्रीनवर २७ टक्के. गणपती पुढं सरकंना, टक्के पण पुढं सरकंनात.

कंट्रोलर_किंग | १९ जुलै, सायंकाळी ६.४०
अपडेट बंद करून ठेवायला येत नसेल तर त्यात लॅपटॉपचा काय दोष.

भडंग_आणि_बेस | १९ जुलै, सायंकाळी ६.४४
२७ टक्क्यावर विसर्जन. हहपुवा.

मंडळाचा_खजिनदार | १९ जुलै, रात्री ९.१८
ताई, काका, जरा माझा पण प्रश्न घ्या, डीजे नाही पण पेनड्राईव्हच आहे. आमचं मंडळ लहान, मिरजेत. ॲम्प्लिफायरला पुढं यूएसबीचं पॅनल आहे, लाल आकड्यात नुसता नंबर दिसतो. सकाळी भक्तिगीतं, मग आरती, असं मी लॅपटॉपवर १, २, ३ नावं देऊन लावून देतो. पण पॅनल त्याच्या मनानं वाजवतं. मागच्या वर्षी घालीन लोटांगण आधी झालं आणि सुखकर्ता नंतर. गुरुजी माझ्याकडं बघायला लागले. शिवाय पुतण्याच्या मॅकवरनं भरलं तर प्रत्येक गाण्याच्या आधी दोन सेकंद गप्प बसतं. पेनड्राईव्ह बदलू का?

चिपकाका | १९ जुलै, रात्री ९.५५
खजिनदार, पेनड्राईव्ह निर्दोष आहे. ही स्वस्तातली पॅनलं नाव वाचत नाहीत, ज्या क्रमानं फाईल ड्राईव्हवर पडली त्या क्रमानं वाजवतात. तुम्ही सगळी सिलेक्ट करून एकदम टाकलीत की क्रम कॉम्प्युटर ठरवतो. ड्राईव्ह फॉरमॅट करा (फॅट३२) आणि एकेक करून, पाहिजे त्या क्रमानं कॉपी करा. गाणी जास्त असतील तर फॅटसॉर्ट म्हणून सॉफ्टवेअर आहे, ते आतल्या यादीचाच क्रम लावून देतं.

मॅकचं म्हणाल तर तो प्रत्येक फाईलच्या शेजारी टिंब-अंडरस्कोअरनं सुरू होणारी एक लपलेली फाईल ठेवतो. मॅकला ती दिसत नाही, पॅनलला दिसते आणि ते बिचारं ती गाणं समजून वाजवायला जातं. दोन सेकंदाची शांतता ती. विंडोजवर लावून लपलेल्या फायली दाखव म्हणायचं आणि उडवायच्या.

मंडळाचा_खजिनदार | १९ जुलै, रात्री १०.०२
काका, तुमच्या नावानं पहिला मोदक.

करंजेकर_बीट्स | २० जुलै, सकाळी ८.१५
रात्री साडेदहाला टेस्ट लावली, चार तासाच्या वर चालली. निकाल: सगळं ओके. एक पण एरर नाही. पूर्ण ६४ खरा आहे. फॉरमॅट पण बघितला, फॅट३२ च आहे, मी दोन वर्षांपूर्वी कुणाकडनं तरी करून घेतलेला.
म्हणजे काका डुप्लिकेट नाही. मग आता?

निवांत_कराडकर | २० जुलै, सकाळी ८.३१
मी काय म्हणलो होतो. नशीब.

चिपकाका | २० जुलै, सकाळी ९.४०
मान्य, माझा अंदाज चुकला. पण टेस्ट तुम्ही पंख्याखाली रात्री केली. हळदीत ऊन किती होतं? नखाएवढ्या ड्राईव्हला अंगच नसतं, तापलं तर उष्णता जाणार कुठं, सगळी पोर्टच्या आत. तापल्यावर वेग पाडतात नाहीतर रुसून बसतात. आणि हे बारके ड्राईव्ह म्हणजे आत एकच काळी वडी असते, मेमरी आणि कंट्रोलर सगळं तिच्यातच. जुन्या मोठ्यांची चिप वेगळी असायची, मेलं तरी चिप उतरवून डेटा काढता यायचा. वडी मेली की काढायला अवघड आणि खर्चिक. कामाच्या गाण्यांना असला ड्राईव्ह वापरू नये हे माझं मत कायम आहे.

बेसबहाद्दर | २० जुलै, सकाळी ११.२६
मी डॉल्बीवर ऑपरेटर आहे, तासगाव साईडला. माझा प्रश्न, टेबल कुठं होतं? बेसच्या जवळ होतं का? १८ इंची बेस चार असले ना की टेबलावरचा चहाचा कप चालायला लागतो. पोर्ट जरा ढिलं असलं की ड्रॉपलाच पेनड्राईव्ह एका क्षणासाठी सुटणार, मशीनला वाटणार काढला. आणि तुमचं बरोबर ड्रॉपच्या आधी झालंय, म्हणजे बिल्डअपचा थरथराट चालू असणार. मी एक वीतभर एक्स्टेन्शन केबल लावतो, ड्राईव्ह त्याला, केबल टेपनं टेबलाला. ड्राईव्हला धक्का बसला तरी पोर्ट वाचतं.

रेवा_सांगली | २० जुलै, दुपारी १२.१०
दादा, एक्स्टेन्शन नको हो. एक जोड होता तिथं दोन झाले. ढिलं पडायच्या जागा दुप्पट.

बेसबहाद्दर | २० जुलै, दुपारी १२.२२
ताई, सहा वर्षात एकदा पण नाही सुटली. चांगली जाड वायरची घ्यायची, पिवळ्या पाकिटातली वीस रुपयाची नाही.

रेवा_सांगली | २० जुलै, दुपारी १२.२९
तुमची नाही सुटली कारण तुम्ही टेप मारता. सगळे मारत नाहीत. मी टेबलाखाली जाड फोम टाकते आणि टेबल बेसपासून लांब घेते, रोग मुळापासून.

बेसबहाद्दर | २० जुलै, दुपारी १२.३५
ट्रॉलीवर लांब कुठं घेणार, खाली पडंल की माणूस. पण फोमचं पटलं, करतो.

खंडोबाचा_भक्त | २० जुलै, दुपारी २.४७
पोर्टवरनं आठवलं. पालीच्या यात्रेला (कराडजवळची, खंडोबाची) एका मित्राची सिस्टीम गावातल्या वरातीला लागलेली. भंडारा असा उधळला की माणसं पिवळी, बॉक्स पिवळे, मिक्सर पिवळा. दोन दिवसांनी मशीनला एकही पेनड्राईव्ह लागंना. पोर्टमध्ये टॉर्च मारून बघितलं तर आत हळद दाबून बसलेली, पेनड्राईव्हनंच आत ठासलेली. त्यात घामाचा आणि पावसाचा ओलावा, तांबं हिरवं पडलेलं. तेव्हापासनं वापरात नसलेल्या पोर्टला रबरी बुच आणि वापरातल्याला वरनं प्लास्टिक. गुलालाचं पण तेच.

चिपकाका | २० जुलै, दुपारी ३.०५
आणि साफ करायला कुणी टाचणी घालू नका रे. बंद करून, कोरडा ब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकी जाते.

भडंग_आणि_बेस | २० जुलै, दुपारी ३.११
फुंकर मारून कॅसेट चालू करणारी पिढी आहे काका ही, जित्याची खोड.

शाहूपुरीचे_आजोबा | २० जुलै, सायंकाळी ५.३०
सर्व चर्चा वाचली. आपण सर्व हुशार मंडळी आहात याबद्दल शंका नाही. परंतु एक विचारतो. बेसमुळे टेबलावरचा कप चालतो, पेनड्राईव्ह सुटतो, असे आपणच लिहिता. मग शेजारच्या घरातील म्हाताऱ्या माणसाच्या छातीचे काय होत असेल? २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. मागील वर्षी आमच्या खिडकीची काच तडकली. पेनड्राईव्ह बंद पडला ते एक मिनिट आपणांस जन्माचे लक्षात राहील, त्या गावातील काही जणांस ते सर्वांत सुखाचे मिनिट वाटले असेल.

भडंग_आणि_बेस | २० जुलै, सायंकाळी ५.३८
आजोबा, शेवटच्या वाक्याला साष्टांग.

बेसबहाद्दर | २० जुलै, सायंकाळी ५.५०
आजोबा तुमचं खरंय. पण ५५ म्हणजे घरात मिक्सरवर चटणी वाटली तरी वर जातंय. मंडळवाले म्हणतात शेजारच्या मंडळापेक्षा कमी नको, आणि केस मात्र ऑपरेटरवर. माझं मशीन एकदा जप्त होऊन पोलीस ठाण्यात राहिलंय. मी दहाला बंद करतो, दगड पडले तरी.

कंट्रोलर_किंग | २० जुलै, सायंकाळी ६.०२
विषयावर या. डॉल्बीचा वेगळा धागा आहे, तिथं ४०० प्रतिसाद झालेत.

शाहूपुरीचे_आजोबा | २० जुलै, सायंकाळी ६.२०
त्यातील ६० माझे आहेत.

वाईचा_वाजंत्री | २१ जुलै, सकाळी ९.००
करंजेकर, एक बघा. तुमच्या मशीनला दोन पोर्ट आहेत. दोन्हीला तेच होतं का एकाच पोर्टला? आणि तुम्ही दुसऱ्या पोर्टला रेकॉर्डिंग लावता का? सेट रेकॉर्ड करायचा असेल तर तो दुसऱ्या पोर्टमधल्या ड्राईव्हवर वेव्हमध्ये होतो, तिथं मात्र लिहिण्याचा वेग लागतो आणि स्टॉप न करता उपटला तर सगळी फाईल जाते. माझी अडीच तासाची गेली आहे, मित्राच्या लग्नातली. रेकॉर्डिंगचा ड्राईव्ह वेगळा आणि गाण्याचा वेगळा ठेवावा.

करंजेकर_बीट्स | २१ जुलै, रात्री १०.४८
वाईकर, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. आज ऑफिसमधनं आल्यावर घरीच सगळं मांडलं. मित्राचे दोन पेनड्राईव्ह आणले, माझा नखवाला, एकूण तीन. पोर्ट दोनला तिन्ही व्यवस्थित, टेबल हलवलं, मशीनच्या बाजूला थापट्या मारल्या, काही नाही. पोर्ट एकला तिन्हीच्या तिन्ही सुटतात! नुसतं बोटानं वर ढकललं की लिस्ट गायब. आणि मी दोन वर्षं सवयीनं सगळं पोर्ट एकलाच लावत आलोय, आधीचा मालक पण तेच करत असणार.

म्हणजे पेनड्राईव्ह बिचारा निर्दोष. मी दोन महिने त्याला शिव्या घालतोय.

चिपकाका | २१ जुलै, रात्री ११.०५
आता लागला पत्ता. साधं चपटं यूएसबी पोर्ट साधारण १५०० वेळा आत-बाहेर करायच्या हिशोबानं बनवलेलं असतं. क्लबमधनं आलेलं सेकंडहँड मशीन असेल तर रोज आठ-दहा वेळा काढघाल, दीड-दोनशे रात्रीत तेवढा आकडा पार. आतल्या पत्त्या बसतात, पकड जाते. पोर्ट बदलून मिळतं, सुटा भाग आहे, फक्त बोर्डवरचं सोल्डरिंग नीट जमणाऱ्याकडं द्या, मोबाईलच्या टपरीवर नको. आणि एकूण काढघालच कमी करा. पाहुण्या डीजेचा ड्राईव्ह असंल तर दुसऱ्या पोर्टला.

बेसबहाद्दर | २१ जुलै, रात्री ११.१२
म्हणूनच एक्स्टेन्शन म्हणत होतो. मशीनच्या पोर्टमध्ये केबल कायमची, काढघाल केबलच्या तोंडाला. झिजली तर शंभर रुपयाची केबल झिजंल.

रेवा_सांगली | २१ जुलै, रात्री ११.२०
हे मात्र कबूल. हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. फोम तुम्ही घ्या, केबल मी घेते, फिटंफिट.

निवांत_कराडकर | २१ जुलै, रात्री ११.२८
आणि मग कुठला पेनड्राईव्ह घ्यायचा ते राहिलंच.

करंजेकर_बीट्स | २१ जुलै, रात्री ११.३३
हो की :) धाग्याचं नाव काय आणि चाललोय कुठं.

रेवा_सांगली | २२ जुलै, सकाळी ८.१०
तुमची गाणी किती आहेत? ३२० ची पाच मिनिटांची गाणी धरली तर एक १२ एमबीचं, ३२ जीबीत अडीच हजार बसतात. एका लग्नात तुम्ही फार तर सत्तर-ऐंशी वाजवता. ६४ कशाला? ३२ चे दोन घ्या, ओळखीच्या कंपनीचे, बिलासह, लांबट धातूच्या अंगाचे. सॅनडिस्क, सॅमसंग, किंग्स्टन यातलं त्या दिवशी दुकानात खरं जे मिळेल ते. आल्या आल्या काकांची टेस्ट, मग फॅट३२, मग एक्स्पोर्ट, मग मशीनवर लावून दोन-चार गाणी शेवटपर्यंत. आणि दुसरा तसाच. दोन्ही एकाच दिवशी अपडेट करायचे, नाहीतर ऐनवेळी दुसऱ्यात नवीन गाणं नसतं.

नवीन काही करायचं असेल तर फाईल प्रकार पण बघा. माझ्याकडं बरंचसं फ्लॅकमध्ये होतं, एकदा सीडीजे-२००० नेक्ससवर (पायोनियरचा जुना प्लेअर) उभी राहिले आणि निम्मी गाणी उघडेनात, कारण फ्लॅक आलं ते २०१६ च्या नेक्सस२ पासून. तेव्हापासून बाहेरच्या ड्राईव्हवर फक्त एमपीथ्री आणि वेव्ह.

मोतीचौक | २२ जुलै, सकाळी ८.१५
एक्स्ट्रीम प्रो ३२ मध्ये मिळाला नाही तर १२८ घ्या.

भडंग_आणि_बेस | २२ जुलै, सकाळी ८.१७
हा माणूस कंपनीचा जावई आहे.

वाईचा_वाजंत्री | २२ जुलै, सकाळी ९.३२
रेवाताईंना +१. फक्त एक भर, काढताना मशीनवरचं यूएसबी स्टॉप बटन दाबून धरायचं, दिवा जाईपर्यंत, मगच हात लावायचा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि रात्री साडेनऊला पोलिसांची गाडी दिसली की सगळे विसरतात.

मे_महिन्यातला_डीजे | २२ जुलै, दुपारी १२.०८
वाचनमात्र होतो, एक शंका. सीझन संपला की पेनड्राईव्ह कपाटात टाकतो, नोव्हेंबरात काढतो. चार-पाच महिन्यात गाणी उडतात का? एकजण म्हणाला चार्ज उतरतो.

चिपकाका | २२ जुलै, दुपारी १.२०
पाच महिन्यात चांगल्या ड्राईव्हला काही होत नाही. चार्ज गळतो हे खरं, पण त्याला वर्षं लागतात, उकाड्यात ठेवला तर लवकर. पत्र्याच्या शेडमध्ये नका ठेवू. वाचून ड्राईव्ह झिजत नाही म्हणलं तरी चालेल, लिहून पुसून झिजतो, म्हणून दर शनिवारी सगळं पुसून परत भरायची सवय असेल तर ती सोडा. आणि मूळ गाणी घरच्या हार्डडिस्कवर पाहिजेतच. पेनड्राईव्ह ही टिफिनची पेटी आहे, कोठार नाही.

करंजेकर_बीट्स | २३ सप्टेंबर, रात्री ९.५०
मंडळी, गणपती पार पडले, म्हणून धागा वर काढतोय. पोर्ट बदलून घेतलं, आठ दिवस मशीन दुकानात होतं. ३२ चे दोन किंग्स्टन घेतले, बिलासह (मोतीचौक माफ करा, तुमचा दुकानात नव्हता). एक ड्राईव्ह टेस्टमध्ये सरळ पास, दुसऱ्याला शेवटी शेवटी एरर आल्या, परत नेऊन दिला तर दुकानदार म्हणाला असं कधी होत नाही, मग त्याच्यासमोर लॅपटॉपवर दाखवलं, मुकाट्यानं बदलून दिला. पोर्टमध्ये कायमची केबल, टेबलाखाली फोम, दोन्ही केलं, भांडण नको.

दहा दिवसात एकदाही सुटला नाही. एकदा घाबरलो होतो, आवाज गेला, बघतो तर खरंच डिझेल संपलेलं.

नखवाला वडिलांना दिला, ते रानात ट्रॅक्टरवर भजनं ऐकतात. उत्तम चालतोय.

भडंग_आणि_बेस | २३ सप्टेंबर, रात्री ९.५७
मामा कुठं आहेत, त्यांना कळवा कुणीतरी.

करंजेकर_बीट्स | २३ सप्टेंबर, रात्री १०.०४
त्यांच्या धाकट्या भाच्याची हळद डिसेंबरात आहे, इसार देऊन गेलेत. दीड हजाराचा विषय त्यांनी पण काढला नाही, मी पण नाही.

शाहूपुरीचे_आजोबा | २३ सप्टेंबर, रात्री १०.१५
यंदा काच शाबूत आहे. नोंद असावी.

नवीन_सभासद_पलूस | २४ सप्टेंबर, सकाळी ६.४२
माझ्या टीव्हीला पेनड्राईव्ह लागत नाही, नो मीडिया येतंय. काय करू?

चिपकाका | २४ सप्टेंबर, सकाळी ९.३०
फॉरमॅट काय आहे? आणि नवीन धागा काढा.